पळी एकच असते

माझ्या मुलीचं म्हणणं असं, की माणूस मुळात हावरा नाही. त्याला पुरत नाही म्हणून तो हावरा होतो. ती पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे आणि माणसांची कामं यंत्रांकडून करून घ्यायची हेच तिचं काम आहे. गेल्या आखाडात ती रजा काढून घरी आली, तेव्हा जेवताना हा विषय निघाला. पुढं असं जग येणार, ती सांगत होती, की शेत यंत्र पिकवणार, कापड यंत्र विणणार, औषध यंत्र शोधणार. सगळ्यांना घर, सगळ्यांना अन्न. ओरबाडायचं कारणच उरणार नाही. मग माणसं एकमेकांवर दादागिरी करतील कशाला?

मी जुन्या यंत्रमागांचा व्यापारी आहे. कापड यंत्र विणणार हे ती मला सांगत होती, याची गंमत वाटली. कबनूरला शेडच्या शेड माग दिवसरात्र खडखडतात, म्हणून तिथं कुणी कुणाला दाबत नाही असं माझ्या तरी पाहण्यात नाही. पण मी तसं बोललो नाही. एवढंच विचारलं, "आणि नळी?"

ती हसली. तिची आई हसली. माझी थोरली बहीण भाकरी मोडता मोडता थांबली.

मटणात नळीचं हाड असतं. त्यातला मगज ओढून खायचा असतो, आणि आमच्या कोल्हापुरात त्यासाठी सख्ख्या भावांनी एकमेकांकडं वाकड्या नजरेनं बघितलेलं मी पाहिलंय. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा हवा तेवढा मिळतो. नळ्या मोजक्याच असतात.

"नळ्या पण कारखान्यात बनतील, पप्पा," मुलगी म्हणाली. "प्रयोगशाळेत मटण तयार व्हायला लागलंय. एका बकऱ्याच्या नळ्या किती, हा प्रश्नच संपंल."

"बरं. मग त्या वाढणार कोण?"

"म्हणजे?"

"पळी कुणाच्या हातात असणार?"

"तुमचं आपलं कायतरीच."

माझं कायतरीच नव्हतं. मी ज्या गल्लीत राहतो तिथं दर आखाडात जेवण असतं. बायका नदीला आलेल्या नव्या पाण्याच्या घागरी घेऊन टेकडीवर देवीला जाऊन येतात आणि मग गल्लीत ताडपत्रीखाली मटणाची पंगत बसते. आपलं ताट-वाटी आपण घेऊन जायचं. तीस वर्षं मी या जेवणाला वर्गणी देतोय, आणि तीस वर्षांत एकदाही मटणाच्या बादलीतली पळी माझ्या हातात आलेली नाही. ती अण्णांच्या घरची. अण्णा म्हणजे गल्लीतलं सगळ्यात जुनं घर. आधी त्यांचे वडील वाढायचे, आता ते वाढतात. अंगानं किडकिडीत, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. आवाज कधी चढत नाही. आवाज चढवणारा माणूस मला समजतो, मी स्वतः तसाच आहे. मी ओरडतो, समोरचा ओरडतो, दोघंही चहा पितो आणि सौदा होतो. अण्णा ओरडत नाहीत. सुरुवातीच्या वर्षी मी बाह्या मागं सारून बादलीला हात घातला, तेव्हा ते हसून म्हणाले, "पावणं, तुमी बसा की. तुमाला कशाला तरास?"

पावणं. आमच्याकडं अनोळखी माणसाला अशीच हाक मारतात. त्यात मान आहे. पण त्यात हेही आहे की तुम्ही आलात तसे जाणार. मी कागलकडच्या खेड्यातून आलो. भंगारात निघालेले माग उचलले, त्यांची हाडंकाडं जुळवली आणि विकले. या गल्लीत आधी भाड्यानं राहिलो, मग तेच घर विकत घेतलं, मग त्यावर मजला चढवला. माझी मुलगी इथं जन्मली. आणि अजून मी पावणा.

दरवर्षी तेच. "बसा पावणं." मी बसायचो. ताटात काय पडतंय ते बघायचो. उपाशी मी कधीच राहिलो नाही, तक्रार करायला तेवढीही जागा अण्णांनी ठेवली नव्हती. चार तुकडे पडायचे. फक्त ते कुठले असावेत हे अण्णा ठरवायचे, आणि ते ठरवतायत हे मला कळावं इतपत पळी माझ्या ताटावर थांबायची.

म्हणून मी मुलीला विचारलं, पळी कुणाच्या हातात. ती म्हणाली, "पुरेसं असलं की पळी कुणाच्याही हातात असू दे, काय फरक पडतो?"

तेवढ्यात आक्का बोलली. आक्का म्हणजे ही माझी थोरली बहीण. जयसिंगपूरकडं दिली होती. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर दिरांनी तिला जा म्हटलं नाही, पण राहा असंही म्हटलं नाही, तेव्हा मी तिला घेऊन आलो. मोठं घर होतं ते. ही स्वैपाकघरात, आणि सगळ्यांचं झाल्यावर उभ्या उभ्या पातेलं पुसून खाणारी.

"पोरी, मला त्ये नळीचं काय न्हाय," ती म्हणाली. "माझं येगळंच हाय."

"काय आत्ती?"

"हसशील."

"न्हाय हसत, सांग."

"पंगतीला बसावं. कुणीतरी वाढत यावं. आन् मी असा हात आडवा धरून म्हणावं, बास." तिनं ताटावर हात आडवा धरून दाखवला. "जल्मात कधी म्हटलं न्हाय. म्हणायची येळच आली न्हाय. पातेल्याला कुणी बास म्हणतंय व्हय?"

मुलगी हसली नाही. मी पाणी प्यायलो. माझी बायको उगाच उठून आत गेली.

गल्लीच्या जेवणात तोवर पुरुष आधी बसायचे, बायका मागून. त्यांच्यापर्यंत रस्सा पोचायचा आणि बरगड्या. मुलीनं मनावर घेतलं. गल्लीतली कॉलेजची पोरंपोरी तिच्या ओळखीची. त्यांच्यात तिनं विषय काढला, की यंदा सगळे एकाच पंगतीला, बायका-पुरुष समोरासमोर, आणि मटण इतकं की कमी पडायचा प्रश्नच नको. मला म्हणाली, "तुमचं ते पळीचं खरं की माझं पुरेशाचं खरं, बघूच की." मी म्हटलं, मटण माझ्याकडून. कमी पडलं तर नाव सांगणार नाही.

बैठक अण्णांच्या ओसरीवर झाली. मी आयुष्यभर सौदे केलेत, आणि त्या दिवशी मी तयारीनं गेलो होतो. मटण माझं, ही चाल मी आधी टाकली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग एकच पंगत. दोघातिघा म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. अण्णा म्हणाले, "चांगलंय की. काळ बदलतोय." मग बायकांना मागच्या दाराशी नाही, मांडवातच बसवायचं. "बसूद्यात की." मी एकेक गोष्ट मागत गेलो आणि अण्णा देत गेले. शेवटी ते म्हणाले, "एवढं सगळं तुमच्या मनासारखं झालं, पावणं. वाढप तेवढं आमच्या घरात राहू द्या. रीत हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सौदा माझ्या बाजूनं झुकलेला, समोरचा शेवटची एक बारकी गोष्ट मागतोय, अशा वेळी ती सोडून द्यायची असते. समोरच्याचा मान राहतो आणि पुढचा सौदा सोपा जातो. हे मी शंभरजणांना शिकवलंय. मी म्हटलं, "राहू द्या की."

घरी येताना मी खुशीत होतो. बैल माझा झाला होता. कासरा अण्णांच्याच हातात ठेवून आलो, हे ध्यानात आलं नाही.

जेवणाच्या दिवशी दुपारी पाऊस बारीक लागून होता. ताडपत्रीत पाणी साचायचं आणि एखादा पोरगा काठीनं ती खालून ढोसून पाणी सोडायचा. बकरी मी स्वतः बघून घेतली होती. आचाऱ्याला सांगितलं होतं, तेल सुटेपर्यंत हलायचं नाही. पातेली बघून गल्लीतली माणसं हरखली. इतकं मटण त्यांनी लग्नातही पाहिलं नव्हतं. आक्का सकाळपासून तयार होती. चॉकलेटी काठाचं पातळ तिनं इस्त्री करून घेतलं होतं. ताट घासून घेतलं, पुन्हा घासलं. मुलगी तिला हाताला धरून घेऊन गेली आणि दोघी शेजारी शेजारी बसल्या. मी समोरच्या रांगेत, थोडा तिरका. मला आक्का दिसत होती.

अण्णा बादली घेऊन निघाले. मागं एक पुतण्या दुसरी भरलेली बादली घेऊन.

"घे रं, लाजू नगंस."

"बास अण्णा."

"बास कसलं? तालमीत जातोस की न्हाय?"

"अण्णा बास! बास की वो!"

"ह्या वैनींना वाढतो. आवो घ्या, आज काय कमी न्हाय. पावण्यांची किरपा."

लोक हसले. मीही मान हलवली. बास, बास, बास असं म्हणत पंगत अण्णांच्या मागोमाग पुढं सरकत होती. आक्का ते ऐकत होती. तिच्या अलीकडं माझी मुलगी. अण्णांनी तिला नळी वाढली, वर दोन तुकडे टाकले. "पुण्याला मिळत नसंल असलं."

"बास अण्णा," मुलगी म्हणाली.

आक्कानं उजवा हात उचलला होता. ताटाच्या थोडा वर, आडवा करायच्या तयारीत.

अण्णांनी बादलीत बघितलं. पळी फिरवली. वर आलेला मोठा तुकडा परत आत सोडला आणि रस्सा घेतला, त्यात एक बरगडी. "आक्का, तुमी पावण्या. दात हायत का न्हाईत? सोसंल तेवढंच खावा. रस्सा घ्या ऊन ऊन." आणि पुढं गेले.

कुणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं, म्हाताऱ्या माणसाच्या दातांवर हसतात तसं. आक्काही हसली. तिचा हात अजून वर होता. मग तिनं तो खाली घेतला आणि पदराला पुसला, अजून काही खाल्लं नव्हतं तरी.

मी स्वतःला सांगितलं, दुसरा फेरा येईल. आला. अण्णा तिच्यासमोर थांबलेसुद्धा नाहीत. "तुमचं झालंच आसंल."

मागं पातेल्यात मटण झाकणापर्यंत होतं. अण्णांना ते वाचवायचं नव्हतं. त्यांच्या घरी न्यायचं नव्हतं. कुणासाठी राखायचं नव्हतं. हे मला आजही सांगावंसं वाटतं, कारण मुलगी म्हणते तसं ते कमी असतं तर मी समजू शकलो असतो.

मी उठलो. पंगत ओलांडून जाऊ नये म्हणतात. मी ताटांमधून पाय टाकत गेलो आणि अण्णांच्या हातातली पळी धरली.

"आणा हिकडं."

"पावणं, पंगतीत असं करू नये."

"कोण पावणा? तीस वर्षं झाली! कोण पावणा ह्यो?"

"आवो, चिडताय कशाला? पावणं म्हंजे मान हाय की."

पुन्हा लोक हसले. त्या हसण्यानं माझं डोकं गेलं. मी पळी हिसकली, अण्णांच्या सदऱ्यावर रस्सा उडाला. बादली माझ्याकडं ओढली आणि आक्काच्या ताटात वाढायला लागलो. एक पळी, दुसरी पळी. नळ्या शोधून शोधून वाढल्या. तुकड्यांचा ढीग झाला, भात बुडाला, रस्सा ताटाच्या काठावरून खाली फरशीवर गेला.  मी अजून वाढत होतो.

"बास," आक्का म्हणाली.

मी ऐकलं नाही.

"बास की रं. समदी बघत्यात. बास कर आता."

ती रडत नव्हती. मान खाली घालून पातळाच्या निऱ्या रस्सा लागू नये म्हणून गोळा करत होती. मी पळी बादलीत टाकली. ती उठली, मुलगी उठली. त्या ताटातलं कुणी खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी उरलेलं मटण गल्लीमागच्या मोकळ्या जागेत खड्डा काढून टाकलं. पावसाळी हवा, रातोरात आंबलं होतं. कुत्री जमली. मी आणि मुलगी गच्चीवरून बघत होतो.

"पुरलं होतं," मी म्हटलं. "बघ. पुरून उरलं."

"एक माणूस तसा निघाला, पप्पा. सगळं जग तसं न्हाय."

"हसणारे किती होते?"

तिनं खड्ड्याकडची नजर माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "तुम्हाला आत्तीला वाढायचं होतं, की अण्णांच्या हातातनं पळी घ्यायची होती?"

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. संध्याकाळच्या गाडीनं ती पुण्याला गेली. जाताना माझ्या पाया पडली, नेहमीसारखी.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी मनात बरेचदा दिलंय. दोन्ही करायचं होतं. त्यात चुकलं काय? पण आता वर्षभर तोच तोच प्रश्न उगाळून मी दमलोय. तिचं ते पुढचं जग येवो. मटण कारखान्यात होवो, घरं यंत्रं बांधोत. मला त्यातलं कळत नाही. मला सौदा कळतो. सौदा ठरत आला की शेवटी थोडंसं उरतं, ज्यानं कुणाचं घर चालत नाही आणि कुणाचं बुडत नाही. अर्धा दिवस माणसं त्यावर अडून बसतात. मीही बसतो. समोरच्यानं खाली बघून 'घ्या मग' म्हणावं, यासाठी ते असतं. ते पैशानं भरत नाही, म्हणून पैसा वाढला तरी संपत नाही. सगळ्यांची ताटं भरली तर माणसं ताटाकडं बघायची सोडून पळीकडं बघतील. आणि पळी, कितीही यंत्रं लावा, एका वेळी एकाच्याच हातात राहते. प्रत्येकानं आपलं आपण घ्यावं, असं मुलगी फोनवर म्हणाली एकदा. मग रांग लागेल. रांगेत पुढं कोण, हे कुणीतरी उभं राहून सांगेलच. मवाळ आवाजात सांगेल.

यंदाच्या आखाडात पोरं वर्गणीला आली. मी वर्गणी दिली, इतरांइतकीच. एकच पंगत ठेवलीय, पोरं म्हणाली, ते काय आता मोडत नाही. मी चांगलं म्हटलं. मी जाणार नव्हतो.

जेवणाच्या दिवशी दुपारी बघतो तर आक्का ताट-वाटी पुसत होती. चॉकलेटी काठाचंच पातळ.

"कुठं?"

"कुठं म्हंजे? जेवायला."

"त्या माणसाच्या हातचं?"

"मटणाला हात कुणाचा आस्तोय रं? येतोस?"

"न्हाय."

"बरं. मी जातो मग." आमच्याकडं बायकाही 'जातो' असंच म्हणतात. बायको आधीच गेली होती. आक्का गुडघ्यावर हात ठेवत ठेवत पायऱ्या उतरली.

मी घरात एकटा बसलो. पंगतीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी पेपर उघडला, मिटला. पाऊस थांबला होता. मी डोळ्यांसमोर आणत होतो, आता बादली निघाली असेल, आता तिच्यापर्यंत आली असेल, आता पळी वरच्या वर थांबली असेल. माझ्या हाताच्या मुठी आपोआप वळत होत्या. या वयात डॉक्टरांनी मला असलं करू नका म्हणून सांगितलंय.

ती आली ती ताट लाल करून. पदरावर डाग.

"वाढलं का?" मी विचारलं.

"वाढलं की. लई वाढलं."

"नळी?"

"हुती. एक खाल्ली, एक शेजारच्या पोरीला दिली."

"मग म्हणालीस का?"

"काय?"

"बास."

ती दारातच थांबली. आठवायला लागली. मग कपाळावर हात मारून घेतला. "आगं बया. न्हाय की रं. शेजारी ती पलीकडच्या घरची सून बसलेली, तिचं बाळंतपणाचं चाललं हुतं. तिला किती तरास झाला, ते ऐकत बसलो. हिकडं ताट भरलं, वाटी भरली, पदरावर सांडलं तवा कळलं." ती स्वतःशीच हसली. "ऱ्हायलंच म्हणायचं."

"वाढत कोण होतं? अण्णाच?"

"आता काय म्हाईत? मी काय वर बघितलं न्हाय."

"अगं, तोंड नाही बघितलंस? हात तरी?"

"तुझं काय चाललंय?" ती म्हणाली आणि ताट धुवायला मोरीकडं गेली.

मी चप्पल घातली आणि दारात जाऊन उभा राहिलो. पंगत अजून उठली नव्हती. मांडव गल्लीच्या वळणावर असतो, त्यामुळं आमच्या दारातून कितीही मान लांब केली तरी जेवणाऱ्यांच्या वाकलेल्या पाठीच तेवढ्या दिसतात.